नमुना-माडीचा किराणा

आमच्या मंडळाचं नाव 'जुनी घरं जपणूक मंडळ, अमरावती' असं आहे आणि त्याचं कार्यालय नव्या इमारतीत आहे, कारण जुन्या घरात फायली भिजतात. मंडळात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहा सभासद आणि मी चिटणीस. ठराव आम्ही करतो, चहा आम्ही पितो आणि घरं पुंजारामजी खोटरे दुरुस्त करून देतात.

पुंजारामजी धामणगाव रेल्वेचे. वय ब्याऐंशी. हयात सरकीच्या व्यापारात गेली. एक्क्याण्णव साली त्यांनी वडिलांचं सागवानी घर स्वतः उभं राहून पाडलं आणि त्या जागी संगमरवरी बंगला बांधला. त्या बंगल्यात घरातली माणसं आजवर आळीपाळीनं घसरून पडली आहेत, पाहुणे वेगळे. "दोन दिवसांत पाडलं म्या थे घर," ते सांगतात, "अन् अजूनबी सपनात त्याच्याच जिन्यानं चढून राह्यलो." त्या दोन दिवसांची भरपाई म्हणून ते लोकांची जुनी घरं उभी करत सुटले आहेत. अकरा झाली.

त्यांचे नेम तीन. घर राहतं पाहिजे, कुलूपवालं नको. गिलाव्याचा पहिला हात ते स्वतः लावणार, तोही ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. काम तयार नसेल तर यादीतल्या पुढच्या घरी. आणि दिलेलं सामान त्या घरालाच लागलं पाहिजे. अमरावतीत एका घरी जिन्यासाठी पाठवलेल्या सागाचं टीव्हीचं शोकेस झालेलं दिसलं. पुंजारामजी भांडले नाहीत. पाणी प्यायले, शोकेस चांगलं झालं म्हणाले आणि निघून गेले ते गेलेच. तो जिना अजून अर्धा आहे.

बारावं घर अकोल्याच्या जुन्या शहरातलं, नत्थुजी गावंड्यांचं. त्यांचे पणजोबा कापसाचे दलाल. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांनी घरावर एक लांबलचक माडी चढवली आणि तिला उत्तरेकडे सात खिडक्या ठेवल्या. उत्तरेचा उजेड डोळ्यावर येत नाही, त्यात कापसाचा पिवळेपणा लपत नाही, म्हणून गावोगावचे नमुने तिथं मांडून पारखायचे. नमुने गेले, दलाली गेली, नमुना-माडी हे नाव राहिलं. आता तिथं नत्थुजींची सून सीमा अभ्यासिका चालवते. बावीस मुली. कोणी तलाठ्याच्या परीक्षेला बसलेली, कोणी पोलीस भरतीला, कोणी नर्सिंगला. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली सोडा, वेगळा कोपरासुद्धा नाही.

माडीची भिंत दोन पावसाळ्यांपासून फुगत होती आणि गिलावा पोपडे धरून पडत होता. पुंजारामजींनी पहिल्या हातासाठी रविवारी सकाळी दहाची वेळ दिली आणि तेवढ्यात एक बिल्डर येऊन गेला. घराच्या बदल्यात दोन फ्लॅट आणि खाली पार्किंग. नत्थुजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे एक लुना आहे आणि ती ते ओसरीतच ठेवतात. पण पार्किंग हा शब्द त्यांना फार आवडला होता.

"मी काय म्हनतो सायेब," ते मला म्हणाले, "रविवारी खोटरेसाहेबाहीनं हात लावला तं घर राह्यलं. नाही लावला तं सोमवारी मी बिल्डरले सही देतो. किती दिवस टोपल्यानं माती काढू मी?"

सीमा जिन्यात उभी राहून ऐकत होती. फ्लॅटात बावीस मुली मावत नाहीत हे तिला सांगायची गरज नव्हती. मी निघताना ती फाटकापर्यंत आली.

"काका, रविवार चुकू देऊ नका," एवढंच बोलली.

चुन्याचं काम करणारा आमचा माणूस म्हणजे नईम मिस्त्री. तीन पिढ्या चुन्यात गेल्या. चुना दोन महिन्यांपासून नत्थुजींच्या अंगणातल्या हौदात मुरत होता. त्यात घालायचं बाकीचं त्यानं मला सांगितलं आणि मी लिहून घेतलं: काळा गूळ चाळीस किलो, उडदाची डाळ, मेथी, हिरडा, शंभर बेलफळं. हे सगळं तीन दिवस पाण्यात भिजवायचं आणि ते पाणी चुन्यात मिसळायचं. मग भिंत दगडासारखी होते.

मी अकोल्याच्या किराणेवाल्याला फोन केला. काळा गूळ त्यानं खास बाहेरून मागवला आणि सोमवारी सगळं सामान टेंपोनं नत्थुजींच्या दारात उतरवलं. मी नत्थुजींना फोन करून सांगितलं, "मंडळाकडून किराणा येऊन राहिला." ते म्हणाले, "येऊ द्या." कशासाठी ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दारात आलेल्या किराण्याला कशाला आलास असं आमच्या वऱ्हाडात कोणी विचारत नाही.

सीमा त्या आठवड्यात घरी नव्हती. सहा मुलींना घेऊन भरतीच्या मैदानी चाचणीसाठी अमरावतीला गेली होती. ती असती तर ही गोष्ट झाली नसती आणि मला वेळ घालवायला दुसरं काही शोधावं लागलं असतं.

गुरुवारी सकाळी नईम मिस्त्रीला घेऊन मी अकोल्याला पोचलो. गल्लीच्या तोंडाशीच तुपात परतलेल्या मेथीचा वास आला. नईमनं मान वर करून वास घेतला.

"किसी के घर शादी है?"

"असेल," मी म्हटलं.

वास नत्थुजींच्या अंगणातून येत होता. अंगणात अठरा बाया. मधोमध परात घेऊन शेजारच्या जहाँआराबी बसलेल्या, हात कोपरापर्यंत तुपानं माखलेले. खाटेवर पांढरी चादर आणि चादरीवर लाडवांच्या रांगा, संचलनाला उभ्या केल्यासारख्या. नत्थुजींच्या पत्नी पार्वताबाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"या सायेब, या! टायमावर आले. गरम हायेत."

"पार्वताबाई," मी विचारलं, "आपला किराणा कुठं आहे?"

"हा काय!" त्यांनी खाटेकडे हात केला. "दीड हजार भरले. कनीक अन् तूप मोहल्ल्यानं वर्गनीनं आनलं. म्हनलं एवढे लोकं अमरावतीहून येऊन राहिले, आधीपासून किराना धाडला, तं आपून का हात बांधून बसाव? लग्नात नाही का, पाहुन्याइकडून किराना आला का मोहल्ल्यातल्या बाया जमतात. तसंच. घरोघरी चाखाले बी देऊन झाले."

नईम अजून आशेवर होता. "उडीद?"

"पापड लाटले. वर गच्चीत उन्हात वायू घातले."

"बेल?"

"मुरब्बा."

"और हिरडा?"

पार्वताबाई जरा जवळ आल्या आणि त्यांनी आवाज उतरवला. "थो कुटून पुड्या बांधल्या. पाहुन्यामागं एक. मेथीचा लाडू जड असते, अन् मंडळातले लोकं वयस्कर. पोटाचं बी त्याहीनंच पाहून ठेवलं! मी ह्याहीले म्हनलं, लय समजदार लोकं हायेत."

नईम मिस्त्री ओट्यावर बसला. तो बसला म्हणून मीही बसलो. बायांनी आम्हाला पाणी दिलं, एकेक लाडू दिला, आणि मग मला सांगणं भाग पडलं.

"ते सगळं भिंतीत घालायचं होतं."

कढईतलं उलथनं थांबलं. सगळ्यात आधी जहाँआराबींना बोलणं सुचलं.

"मेथी? दीवार में?"

"हो."

"दीवार की जचगी हुई क्या?"

अठरा बाया एकदम हसल्या. पार्वताबाईंनी पदर तोंडाला लावला. हसण्यानं परातीतली कणीक उडाली. नईम तेवढा हसला नाही. आतून नत्थुजी आले, त्यांना कोणीतरी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सांगा लागत होतं नं, सायेब!"

"तुम्ही विचारलं नाही."

"आलेल्या किरान्याले काय विचारता?"

याच वेळी सीमा पाठीला पिशवी लावून दारातून आत आली. सहातल्या चार मुली मैदानी चाचणीत पास झाल्या होत्या आणि ते सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं. तिनं खाटेकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, मग नईमकडे. ती चुन्याचं काम समजून होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

"मिस्त्रीचाचा, काय काय मिळू शकते?"

नईम बोटांवर मोजत म्हणाला, "उडीद दुकान में मिलेगा. मेथी मिलेगी. हिरडे की पुड्या खोल दो, कुटना तो मुझे भी था. बेल झाड का मिल जाएगा. पर गूळ नाही मिलत. दुकानाचा पिवळा गूळ म्हणजे सब केमिकल का पावडर. चुना पकडता नहीं. काळा पायजे, जुना पायजे. जितका जुना उतना अच्छा. और आज शाम तक भिगोना पायजे, नहीं तो इतवार को क्या थोपू? लाडू?"

मी किराणेवाल्याला फोन लावला. काळा गूळ आठ दिवसांनी, तोही सांगता येत नाही. नत्थुजी लुनाच्या सीटवर बसले. मला वाटतं त्यांना मनात पार्किंग दिसू लागलं होतं. सीमानं पिशवी खांद्यावरून उतरवलीच नव्हती.

"जुना?" जहाँआराबींनी परातीतून हात काढले. "काला, जुना गुड? वो तो मेरे पास है. सबीहा की जचगी के वास्ते रक्खी."

सबीहा त्यांची सून. तिला आठवा लागलेला. जहाँआराबी बोलल्या आणि थांबल्या, आणि पार्वताबाईंनी हळूच मान फिरवून बाकीच्या सतरा जणींकडे पाहिलं. आमच्याकडे बाळंतिणीसाठी जुना काळा गूळ प्रत्येक घरी असतो. माठात घालून, फडकं बांधून, माळ्यावर किंवा कोठीमागे, सुनेला आणि लेकीला. कोणाच्या घरी तो आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी तो मागत नाही.

"काय वो," पार्वताबाई म्हणाल्या, "लाडू खाल्ले नं सगळ्याहीनं?"

"खाल्ले."

"मंग बसल्या काहून?"

पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. अर्ध्या तासात दारापासून गल्लीच्या वळणापर्यंत रांग लागली. जिनं लाडू चाखला ती तर आलीच; जिच्या घरी लाडू पोचलाच नव्हता तीही भांडायला म्हणून आली आणि येताना गूळ घेऊन आली. नत्थुजींना तेवीस वर्षांची नोकरी आठवली. "पुढं चला, पुढं चला! मधात थांबू नका! ओ ताई, माठ हातात घ्या, मागच्याले लागते!" हातात शिटी नव्हती म्हणून ते तोंडानंच वाजवत होते. लुना त्यांनी स्वतः उचलून बाजूला केली.

नईम हौदाशी गोणपाट पसरून बसला. खडा नाकाशी धरायचा, कण जिभेवर ठेवायचा, अंगठ्यानं दाबायचा.

"ये चलेगा. ये भी. ये कितने साल का?"

"तीन वर्साचा, भाऊ."

"तीन महिन्याचा आहे, अम्मा."

"माझ्या सासूनं ठेवला थो!"

"तो सासू से पूछो."

ती बाई गूळ घेऊन तणतणत गेली आणि सासूलाच घेऊन परत आली. सासूनं दुसरा माठ आणला होता; पहिला सुनेला दाखवायचा होता म्हणे. त्या दुसऱ्या माठातला खडा जिभेवर ठेवून नईम चक्क उभा राहिला आणि त्यानं म्हातारीला सलाम केला. नऊ वर्षांचा निघाला.

शेवटी सबीहा स्वतः आली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात माठ. नईम घेईना.

"नहीं बेटा. ये तुम्हारा है."

"आधा लो चाचा. एक बच्चे को कितना गुड लगता?"

"दो हुए तो?"

"तो आप का मुँह मीठा कराऊँगी, पर आधा लो," ती म्हणाली आणि तिनं माठ त्याच्या मांडीवर कलंडवला.

चार वाजेपर्यंत एकेचाळीस घरांचा गूळ जमला. नईम म्हणाला, दुकानाच्या गुळापेक्षा चांगला. सीमानं तेवढ्यात मुली पाठवून बेलफळं गोळा केली होती आणि हिरड्याच्या तीनशे पुड्या एकेक करून उघडल्या होत्या. दिवेलागणीच्या आत सगळं पाण्यात पडलं.

आता भीती एकच राहिली, पुंजारामजींच्या तिसऱ्या नेमाची. मी सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, रविवारी त्या गुळाविषयी कोणी बोलायचं नाही. नत्थुजी हो म्हणाले. सीमाला ते पटलेलं दिसत नव्हतं. पार्वताबाईंनी मान हलवली. कोणत्या दिशेनं हलवली ते मी नीट पाहायला हवं होतं.

रविवारी दहाला दहा कमी असताना पुंजारामजींची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. धोतर, टोपी, हातात काठी. ओसरीतल्या खाटेवर बसले, पाणी प्यायले. पार्वताबाईंनी बशीत दोन लाडू ठेवले. त्यांनी एक घेतला, दाढेखाली धरला, डोळे मिटले.

"मस्त बांधला वो बाई. गूळ कुठचा?"

"तुमचाच नं," पार्वताबाई म्हणाल्या.

पुंजारामजींचं चावणं थांबलं. मी छताकडे पाहू लागलो. पार्वताबाईंनी सोमवारच्या टेंपोपासून सुरुवात केली आणि एकही गोष्ट गाळली नाही. पापड सांगितले, मुरब्बा सांगितला, हिरड्याच्या पुड्यांमागचा विचार तर दोनदा सांगितला. पुंजारामजी ऐकत होते. त्यांनी अर्धा लाडू बशीत परत ठेवला.

"बाई, सामान घराले लागलं पायजे, असा माझा नेम हाये."

"मंग घराले नाही तं कोनाले लागलं?" पार्वताबाईंना खरंच कळेना. "घरातल्याच तं लोकाहीनं खाल्लं."

नत्थुजींनी कपाळावर हात ठेवला. पुंजारामजींनी काठी हातात घेतली. ते ती उठण्यासाठी घेतात हे मी अमरावतीत पाहिलं होतं. सीमा पुढे आली.

"बाबाजी, जायचं तं जा. पन चुन्यात काय मिसळलं थे पाहून जा."

"काय मिसळलं?"

"गूळच. एकेचाळीस घरचा. बाळंतिणीसाठी ठेवलेला. लाडू खाल्ले म्हून आनून देला त्याहीनं."

"कोनाकोनाचा?"

सीमानं नावं सांगायला सुरुवात केली. जहाँआराबी, सबीहा, नऊ वर्षांचा माठवाली म्हातारी... नाव घेईल तशी दारातून, खिडकीतून, जिन्यातून एकेक बाई मान हलवत होती. सगळ्या आधीच येऊन उभ्या होत्या. पुंजारामजी प्रत्येकीकडे वळून पाहत होते. म्हातारीपाशी ते थांबले.

"आजी, लेकीसुनेचा गूळ तुमी भित्तीले काहून देला?"

"माझी नात वर बसते अभ्यासाले," म्हातारी म्हणाली. "घरी तिले टीव्हीपायी समजत नाही काई. अन् लाडू बी खाल्ला होता बावा, दोन."

पुंजारामजींनी काठी बाजूला ठेवली. मग मला म्हणाले, "चिटणीस, अकरा घरं केली आपून. भित्ती सपाट झाल्या, दारं रंगली. एका घरी तरी शेजारचा मानूस पाहाले आला का? घरवाला अन् मी, दोघंच फोटोत उभे." त्यांनी बशीतला अर्धा लाडू उचलून तोंडात टाकला. "इथं तं पहिला हात लावून झाला. मी दुसरा लावतो. चाला वर."

माडीत सात खिडक्यांतून उजेड आला होता. नईमनं गिलाव्याचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. पुंजारामजींनी तो भिंतीवर टाकला. गोळा भिंतीला जरा टेकला, विचार केला आणि त्यांच्या धोतरावर पडला.

"ज़ोर से, साहब," नईम म्हणाला.

दुसराही पडला.

"सरका," पार्वताबाई पुढे झाल्या. "जिंदगीत गवऱ्या नाही थापल्या काय?"

"सरकी विकली बाई. गवऱ्या नाही."

"हात असा मागं न्या. भित्तीचा राग आला समजा. हां!"

तिसरा गोळा फाट्दिशी बसला आणि तिथंच राहिला. पुंजारामजींच्या हाताची पाचही बोटं त्यात उमटली. बायांनी टाळ्या वाजवल्या. नईम ती बोटं थापीनं सारखी करायला गेला, तर म्हातारी म्हणाली राहू दे, आणि तो थांबला. त्यानंतर मात्र कोणाला आवरता येईना. जहाँआराबींनी बाह्या वर केल्या, मुली रांगेत लागल्या, आणि नईम मागून ओरडत होता, "पतला लगाओ, पतला! दीवार है, लाडू नहीं!" पुंजारामजी खिडकीत बसून, कोणाचा गोळा पडला की मोठ्यानं हसत होते, स्वतःचे दोन पडले होते हे विसरून.

नत्थुजी सुरुवातीला लांब उभे होते. मग पुढच्यांना जागा करून द्यायला म्हणून आत शिरले आणि कोपरापर्यंत चुन्यात गेले. एक वाजता त्यांच्या खिशातला फोन वाजला. हात भरलेले, म्हणून सीमानं तो काढला. बिल्डरचं नाव दिसलं. ती क्षणभर थांबली. मग तिनं बटण दाबलं आणि फोन सासऱ्यांच्या कानाला धरून उभी राहिली.

"हो जी," नत्थुजी म्हणाले. "उद्या? सहीचं म्हनता का? नाही जमत. हात चुन्यात हायेत... धुतो नं, धुतो. पन मिस्त्री म्हनते, अशी भित शंभर वर्सं हालत नाही. तुमी त्याच्या नंतर फोन करा."

सीमानं फोन बंद करून त्यांच्या खिशात ठेवला. जरा वेळानं डोळे पुसून तिनं मुलींना हाक मारली आणि सांगितलं की वरची भिंत ओली आहे, म्हणून तीन आठवडे ओसरीत बसायचं. दर सोमवारची सराव-परीक्षा मात्र ठरल्याप्रमाणे सकाळी सातला.

बावीस चेहरे एकदम उतरले. भिंतीच्या निमित्तानं उद्याची परीक्षा पुढे जाईल, असं त्यांनी आपसात धरून ठेवलं होतं.